गल्लीतलं केंद्र चालू ठेवायचं की क्लासवाल्याला द्यायचं? मराठवाड्यातल्यांनी अनुभव लिहा

तेरणाकाठ

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून लिहितोय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, ओळखणारे ओळखतीलच.

आमच्या भागात एक सभागृह आहे. एक मोठा हॉल, मागं एक खोली, पुढं पत्र्याचं शेड आणि लिंबाचं झाड. जागा नगरपालिकेची, बांधकाम आमदार निधीतलं आणि चालवणारी आमची नोंदणीकृत संस्था. पाटीवर 'बहुउद्देशीय सभागृह' असं लिहिलंय, सगळे म्हणतात 'केंद्र'. सकाळी पेपर वाचायला म्हातारी मंडळी, दुपारी बचत गटाच्या बायका, संध्याकाळी दहावी-बारावीची आणि भरतीची पोरं. रविवारी कधी शुगर-बीपीची तपासणी, कधी कुणाचं बारसं. पगारी माणूस एकही नाही, कधीच नव्हता.

हे सगळं एका निवृत्त गुरुजींच्या जिवावर चालायचं. किल्ली त्यांच्याकडं, हिशेबाची वही त्यांच्याकडं, बोअरची मोटार बिघडली तर मिस्त्रीला फोनही त्यांचाच. दिवाळीनंतर ते मुलाकडं पुण्याला गेले. गुडघ्यांची अवस्था बघता परत येतील असं वाटत नाही. तेव्हापासून केंद्र कधी आठला उघडतं, कधी दहाला, कधी उघडतच नाही. पेपर दाराच्या फटीत तसेच पडून. पोरं पलीकडच्या खाजगी अभ्यासिकेत जाऊ लागली, दर महिन्याला पैसे मोजून. ज्यांना ते जमत नाही ती घरी बसतात, आणि दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असताना काय अभ्यास होतो ते सगळ्यांना माहीत आहे.

आता लातूरच्या एका क्लासवाल्याचा निरोप आलाय. अख्खा हॉल द्या, भाडं चांगलं देतो, रंगरंगोटी आणि एसी आमच्याकडं लागला. बैठकीत निम्मे म्हणाले देऊन टाका, त्या पैशातून समाजकार्य करू. निम्मे म्हणाले मग केंद्र कशाला म्हणायचं. मला द्यावंसं वाटत नाही, पण रोज उघडणार कोण, याचं उत्तर माझ्याकडंही नाही.

ज्यांनी असं काही प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी लिहा. 'तरुणांनी पुढं यायला पाहिजे' हा सल्ला नको, तो आमच्याकडं भरपूर शिल्लक आहे.

व्यवहारी उदगीरकर

देऊन टाका. भावनेच्या भरात लिहीत नाही. फुकट हॉलची किंमत कुणालाच नसते. पंखा मोडला तर 'कमिटी बघेल', नळ गळला तर 'कमिटी बघेल', आणि कमिटी म्हणजे तीन दमलेली माणसं. क्लासवाला निदान झाडून तरी घेईल. आलेल्या भाड्यातून गरिबाच्या चार पोरांची फी भरा, विषय संपला.

जमाखर्च

उदगीरकर, विषय संपला नाही, सुरूही झालेला नाही. (तीस वर्षं हिशेब तपासनीसाच्या हाताखाली काढलीत, म्हणून लांबण लावतोय.)

तेरणाकाठ, आधी हे सांगा, हॉल द्यायचा अधिकार तुम्हाला आहे का? जागा नगरपालिकेची म्हणजे आमदार निधीतून बांधलेली इमारतही तिचीच. तुमची संस्था फक्त चालवणारी. करारात पोटभाडेकरू ठेवायची मुभा नसेल तर क्लासवाल्याशी केलेला कागद चहा गाळायच्या उपयोगाचा. शिवाय १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कलम ९२ आहे. पालिकेनं स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्यानं द्यायची तर मुदत एका वेळी तीन वर्षं, वाढवून वाढवून एकूण नऊ. तुमचा करार कोणत्या सालचा, तो आधी कपाटातून काढा. माझा अंदाज आहे की तो कधीच संपलाय आणि दोन्ही बाजू गप्प आहेत. क्लासची पाटी लागली की कुणीतरी तक्रार करणार, फाइल उघडणार आणि पालिका म्हणणार, हॉल खाली करा. क्लासवाला दुसरीकडं जाईल. तुमचं काय?

दुसरं, धर्मादाय आयुक्त कार्यालयातून 'परिशिष्ट एक'चा उतारा काढा. त्यावर ज्यांची नावं तेच कायद्यानं विश्वस्त. वारलेले, गाव सोडून गेलेले सगळे अजून तिथं असतील. १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो कुणीच वेळेत देत नाही. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडायचा, घाबरायचं नाही. पण हे केल्याशिवाय बँक सह्या बदलून देत नाही. आणि खात्यावर दोन वर्षं काही व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. मग तुम्ही वर्गणी गोळा करून ठेवणार कुठं, डब्यात?

परभणीकर

वाचनखूण साठवली. जमाखर्च यांच्या प्रतिसादावर अजून एक माहिती. मीटर कोणत्या वर्गात आहे ते बिलावर बघा. अशा बऱ्याच जागांना वाणिज्यिक दर लागलेला असतो, कारण मीटर घेताना कुणी विचारलेलंच नसतं. महावितरणच्या दरपत्रकात ग्रंथालयं आणि सार्वजनिक वाचनकक्ष 'सार्वजनिक सेवा – इतर' या वर्गात येतात. अर्ज करून वर्ग बदलून घेता येतो. क्लास आत आला तर मात्र वाणिज्यिकच.

थोडं अवांतर, पण मला महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडचं गणेश वाचनालय १९०१ सालचं. निजामाचं राज्य, दरबारची भाषा उर्दू, पुढं तर सभा भरवायलाही परवानगी. तेव्हा मराठी पेपर वाचायला जमणं हाच चार माणसांनी एकत्र बसायचा मार्ग होता. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची, तीही लोकांनीच उभी केली आणि स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवायला आले. आपल्या भागात सरकारनं काही बांधून द्यायच्या आधीपासून लोक असल्या जागा चालवत आलेत. ग्रंथालयाचा कायदासुद्धा आपल्याला आधी मिळाला. हैदराबाद राज्याचा कायदा १९५५ चा, पुढच्याच वर्षी आपण मुंबई राज्यात गेलो, आणि महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ ला.

हे वाचून कुणी म्हणेल, मग शासनमान्य वाचनालयच करून टाका, अनुदान मिळेल. घाई करू नका. अ, ब, क, ड अशा चार वर्गांत सगळ्यात खालच्या ड वर्गाला मिळणारं अनुदान इतकं तुटपुंजं असतं की त्यात एक माणूससुद्धा धड पोसला जात नाही. त्यासाठी दाखल नोंदवही, देवघेव, वार्षिक अहवाल, तपासणी हे सगळं करावं लागतं. अनुदानावर डोळा ठेवून सुरू झालेली आणि तपासणीच्या दिवशीच उघडणारी वाचनालयं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. उलट झालं तर चांगलं: आधी रोज उघडा, वही ठेवा, मान्यतेचं नंतर बघू.

तेरणाकाठ

जमाखर्च, तुमचा अंदाज शंभर टक्के खरा निघाला. करार संपून बरीच वर्षं झालीत. परिशिष्टावर सात नावं आहेत, त्यातले तिघं वारले, गुरुजी पुण्यात. उरलेल्या तिघांतल्या एकाला आपण विश्वस्त आहोत हे काल माझ्याकडून कळलं.

परभणीकर, मीटर वाणिज्यिकच आहे. सोमवारी अर्ज देतो.

किल्लारी ९३

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. पुनर्वसनात आमच्या भागातली कितीतरी गावं नव्या जागी बसवली. रुंद रस्ते, सरळ रेषेत घरं, आणि समाजमंदिर हमखास. इमारत चांगली, मजबूत. पण जुन्या गावात पारावर माणसं बसायची कारण पार सगळ्यांच्या वाटेवर होता. पाण्याला जाताना, दळणाला जाताना तिथूनच जावं लागायचं. नव्या गावात सगळं इतकं लांब लांब झालं की समाजमंदिराकडं मुद्दाम उठून जावं लागतं. मुद्दाम कोण जातं? बरीच वर्षं आमच्याकडं त्यात कडबा आणि खताची पोती होती.

उघडलं ते कसं, तर पलीकडच्या खोलीत अंगणवाडी आली. पोरांना सोडायला बाया आल्या, बाया आल्या म्हणून एकीनं शिलाई मशीन आणून ठेवलं. कमिटीनं काही केलं नाही, कमिटी नंतर झाली. तुमच्या केंद्रात रोज यावंच लागेल असं काय आहे ते बघा. पेपर आता मोबाइलवर येतो.

अंबाजोगाईची

धागाकर्त्याला थेट प्रश्न: स्वच्छतागृह आहे का? वापरता येईल असं, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं? तुम्ही लिंबाच्या झाडाचं लिहिलंत, याचं नाही लिहिलं, म्हणून विचारते.

आमच्याकडं बचत गटाची बैठक केंद्रात व्हायची. एक तास व्हायची, कारण त्याहून जास्त कुणाला थांबताच येत नव्हतं. अभ्यासाला मुली यायच्या त्या दोन तासांत घरी. सगळे म्हणायचे, मुलींना अभ्यासाची आवड नाही, बघा किती लवकर जातात. आम्ही गटाच्या दंडाच्या आणि व्याजाच्या पैशातून थोडे, दारोदार फिरून थोडे असे जमवून मागं स्वच्छतागृह बांधलं. त्याच वर्षी मुली संध्याकाळपर्यंत बसायला लागल्या. एसीच्या आधी हे करा. क्लासवाला हे तुमच्यासाठी करणार नाही, त्याच्या पोरांसाठी करेल आणि कुलूप लावेल.

आणि 'रोज उघडणार कोण' यावर तुमच्या बैठकीत किती बायका होत्या?

तेरणाकाठ

स्वच्छतागृह आहे, पण दाराची कडी तुटलीय आणि टाकीचं पाणी तिथवर येत नाही. बैठकीत बायका नव्हत्या. दुपारी गटाच्या येतात त्यांना निरोपच गेला नव्हता.

अंबाजोगाईची

झालं तर मग.

निळी पहाट

नांदेडहून. आमच्या वस्तीतलं समाजमंदिर दलित वस्ती सुधार योजनेतलं. शहरातल्या कितीतरी सभागृहांना कुलपं असतात, आमच्याला नसतं. त्याचं कारण सांगतो. आमच्याकडं वर्षाचं वेळापत्रक पक्कं आहे. १ जानेवारी, १४ एप्रिल, वैशाखी पौर्णिमा, अशोक विजयादशमी, ६ डिसेंबर. दर रविवारी सकाळी वंदना आणि त्यानंतर पोरांचा वर्ग. कुणाला बोलवावं लागत नाही, दिवस माहीत असतो.

आणि हिशेब. जयंती झाली की दुसऱ्या दिवशी जमा-खर्चाचा कागद भिंतीवर. कुणी किती दिले, मंडपवाल्याला किती गेले, शिल्लक किती. दहा रुपये देणाऱ्याचंही नाव. एकदा एका पुढाऱ्यानं मोठी रक्कम देऊ केली, अट एवढीच की हॉलला वडिलांचं नाव द्यायचं. म्हातारे उठून गेले बैठकीतून. पैसे आले नाहीत, त्या वर्षी खीर पातळ झाली, बाकी काही बिघडलं नाही.

तुमचे गुरुजी चांगलेच असणार, शंका नाही. पण वही त्यांच्या घरी होती ना? तिथंच गाडी अडते. माणूस प्रामाणिक असला की हिशेब कुणी विचारत नाही, आणि विचारायची सवय गेली की पुढचा माणूस हात लावायला घाबरतो. उगाच आपल्यावर आळ नको म्हणून.

व्यवहारी उदगीरकर

निळी पहाट, तुमच्या वस्तीत माणसांना त्या जागेशी बांधणारं काही आहे. तेरणाकाठ यांच्या गल्लीत नोकरदार, भाडेकरू, येणारेजाणारे. तिथं १४ एप्रिल कुठून आणणार? मी क्लासला द्या म्हणतो ते पैशासाठी नाही, जबाबदारी एका माणसाच्या गळ्यात पडते म्हणून. आमच्या बाबांनी असंच एक वाचनालय ओढलं, घरच्यांनी काय भोगलं ते मला माहीत आहे.

निळी पहाट

तुमचं हे म्हणणं मान्य आहे. म्हणूनच एका माणसावर ठेवू नका म्हणतोय.

दखनी चहा

बीडचा. आमच्या मोहल्ल्यात हॉल छोटा आहे पण भांडी मोठी आहेत. हसू नका. मोहल्ल्याची डेग, पातेली, परात, झारे, शंभर ताटं, सतरंज्या. लग्न असो, अकीका असो, शेजारच्या गल्लीतला भंडारा असो, भांडी इथूनच जातात. बाजारापेक्षा भाडं निम्मं. बल्बपासून चुन्यापर्यंत सगळा खर्च त्यातून निघतो, वर्गणी मागायला जावं लागत नाही. गणपतीत डेग पलीकडं, रमजानमध्ये इकडं. डेगवर नाव कोरलेलं आहे म्हणून ती परत येते, झाकणं मात्र येत नाहीत, झाकणांचा आमचा कायमचा वांधा आहे.

फायदा काय, तर भांडी न्यायला माणूस येतो तेव्हा कुणीतरी किल्ली घेऊन यावंच लागतं. किल्लारीवाले भाऊ म्हणाले ते हेच, यावंच लागेल असं काहीतरी पाहिजे.

लातूरचा नळ

२०१६ आठवतंय का लातूरकरांनो? एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्या आधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लावलेलं. घोळका करायचा नाही, मग टँकरला नंबर कसे लावायचे? आमच्या भागातल्या पोरांनी सभागृहात बसून घरांच्या याद्या केल्या, कुणाकडं म्हातारं माणूस आहे, कुणाकडं बाळंतीण आहे, कुणाला घागर वाहून द्यायची. तेव्हा दिवसरात्र उघडं होतं ते सभागृह. भांडणं झाली, पण यादी सगळ्यांनी मानली.

पावसाळ्यात पाणी आलं आणि याद्या करणारी पोरं पांगली. कुणी वाईट वागलं नाही, कुणी भांडून गेलं नाही. नुसतं काम संपलं. म्हणून मला संकटात धावून येणाऱ्यांचं कौतुक जरा बेतानंच वाटतं. मंगळवारी सकाळी काही नसताना कुलूप काढणारा खरा अवघड माणूस.

सोळाशे मीटर

मी कधी लिहीत नाही इथं, नुसता वाचतो. पण तेरणाकाठ सर, मी तुमच्याच केंद्रात बसायचो. पत्र्याच्या शेडखाली कोपऱ्यात, पोलीस भरतीवाला.

आम्ही आठ-दहा जण पहाटे साडेचारला उठतो, ग्राउंडवर सोळाशे मीटर मारतो आणि सहा वाजता रिकामे असतो. ग्राउंडचे मार्क पन्नास, लेखीचे शंभर, म्हणजे बसायला जागा पाहिजेच. केंद्र आठला उघडायचं म्हणून दोन तास टपरीवर जायचे. गुरुजींना विचारलं होतं किल्लीबद्दल. ते म्हणाले, तुम्ही पोरं, काही झालं तर मला विचारतील. बरोबर होतं त्यांचं बी. पण आता तसं बी कोणी उघडंना झालंय, तर आम्हाला द्या की. आम्ही सहाला उघडतो, झाडून घेतो, टाकी भरतो. दहाला म्हाताऱ्यांच्या ताब्यात. पैसे नाहीत आमच्याकडं, पण उठायचं तर रोजच आहे.

अंबाजोगाईची

हे बघा, उत्तर शेडखालीच बसलं होतं.

फक्त एक. सहा ते दहा मुलांकडं असेल तर त्या वेळात येणाऱ्या मुलींचं काय? मुलींतल्याही दोघींकडं किल्ली द्या. भरती मुलीही करतात.

जमाखर्च

सोळाशे मीटर, शाब्बास. पण तेरणाकाठ, भावनेत वाहून किल्ली हातात देऊ नका. ठराव करा. अमुक वार, अमुक वेळ, अमुक दोघं जबाबदार, असा कागद आणि त्याची एक प्रत भिंतीवर. सामानाची यादी करा, पंख्यापासून खुर्च्यांपर्यंत, आणि त्यावर सही घ्या. गुरुजींची भीती खोटी नव्हती. काही झालं तर विचारणारे विश्वस्तांनाच विचारतात. कागद असला तर पोरांनाही सोपं जातं, उद्या भरती झाली की यादीवर सही करून दुसऱ्याला देऊन मोकळे.

व्यवहारी उदगीरकर

भरती झाली की जाणारच ना ती पोरं. दोन वर्षांनी परत हाच धागा काढावा लागेल.

सोळाशे मीटर

काढू की सर. तवर उघडं राहील.

तेरणाकाठ

काल बैठक झाली. या वेळी दुपारच्या गटातल्या ताई आल्या, भरतीची पोरं आली, दोन मुली आल्या. जे ठरलं ते लिहितो, न ठरलेलंही लिहितो.

क्लासवाल्याला नाही म्हणून कळवलं. भांडण झालं नाही, कारण जमाखर्च यांचा प्रतिसाद मी छापूनच नेला होता. तो वाचल्यावर 'देऊन टाका'वाले आपोआप गार झाले. किल्ल्या चार केल्या: सकाळच्या पोरांकडं एक, मुलींकडं एक, गटाच्या ताईंकडं एक, चौथी समोरच्या किराणा दुकानात. हिशेब दर महिन्याच्या पाच तारखेला भिंतीवर. गुरुजींना फोनवर सांगितलं, ते म्हणाले वही कुरिअरनं पाठवतो, आणि मग अर्धा तास कुणाकडून किती येणं बाकी आहे ते तोंडपाठ सांगत बसले.

स्वच्छतागृहाची कडी लगेच बसली, पाण्याची लाइन बाकी आहे. भांड्यांची कल्पना सगळ्यांना आवडली, पण ठेवायला जागा नाही आणि धुवायचं कुणी यावर रात्री साडेदहापर्यंत वाद झाला, पुढच्या बैठकीवर ढकलला. संध्याकाळी सातनंतर मुलींनी बसायचं की नाही, यावरही एकमत नाही. ताई म्हणतात बसायचं, एकदोन पालक म्हणतात नाही. मुली म्हणाल्या, आधी शेडमध्ये लाइट लावा, मग बोला. ते मला पटलं.

पालिकेकडं करार नूतनीकरणाचा अर्ज दिला, पोच घेतली. आता बदल अर्जाचं. वारलेल्या तिघांतल्या दोघांचे मृत्यू दाखले मिळाले. तिसरे हैदराबादला मुलीकडं असताना गेले. दाखल्यासाठी कुणी तिकडं जायची गरज आहे का?

जमाखर्च

जायची गरज नाही. पेन्शन, शेतीची फेरफार नोंद, बँक, कशासाठी ना कशासाठी घरच्यांनी दाखला काढलेला असतोच, प्रती चार-पाच काढून ठेवतात लोक. आधी मुलीला फोन लावा, प्रत मागवा. दाखला तेलुगूत असेल तर मराठी भाषांतर जोडा. आणि तिघांचाही बदल अर्ज एकत्र घालायच्या आधी वकिलाला विचारा. वेगवेगळ्या वर्षांतले बदल वेगवेगळे मागतात बऱ्याचदा.

दखनी चहा

भांडी धुवायचं सोपं आहे. जो नेतो तो धुऊन आणतो, कोरडी करून. झाकणं मोजून घ्या फक्त.